समान रक्कम, असमान भार
सर्वांकडून सारखा कर घेणे हाच खरा न्याय, हे मत मला पटत नाही, कारण तसा कर महाराष्ट्रात आजही आहे आणि त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. दरमहा १२,००० रुपये मिळवणाऱ्या पुरुष कामगाराच्या पगारातून व्यवसाय कराचे, म्हणजे नोकरी-धंद्यावरील राज्याच्या कराचे, वर्षाला २,५०० रुपये कापले जातात आणि महिना पाच लाख घेणाऱ्या अधिकाऱ्याकडूनही तेवढेच, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मधील या कराची कमाल मर्यादा १९८८ पासून तिथेच थांबली आहे. पहिल्याची ती सहा दिवसांची कमाई असते. दुसऱ्याच्या एका दिवसाच्या पगाराचा पाचवा हिस्साही नसतो. स्त्रियांना २५,००० पर्यंतच्या वेतनावर सूट मिळाली, हे योग्यच झाले. तीच सूट पुरुष कामगारांना द्यावी आणि मर्यादा वाढवून तूट वरच्या पगारांतून भरून काढावी.