अनुभव धागा : तासा-दोन तासांच्या फेरफटक्यातली घबाडं

घरातून सहज म्हणून बाहेर पडावं आणि अवचित घबाड हाती लागावं, अशा मुंबईतल्या जागा इथे लिहा. प्रवासवर्णन नको. कधी जायचं, काय न्यायचं, कुठे फसतं तेवढं सांगा. जागा बहुतेकांना ठाऊक असतात, वेळ चुकते, आणि मग "तिथे काहीच नव्हतं" म्हणत माणूस परत येतो. म्हणून वेळेबद्दल लिहिताना हात आखडता घेऊ नका.

०००

ओहोटीला उघडे पडणारे खडक. वांद्र्याचं बँडस्टँड, कार्टर रोड, जुहूच्या किनाऱ्यावरचे खडकाळ पट्टे. वर रस्त्यावर हजारो लोक चालत असतात आणि खाली पन्नास पावलांवर काय पसरलंय त्याचा पत्ता नसतो.

आधी दिवस ठरवा. जुन्या लोकांचा हिशेब अजून उत्तम चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्दशी म्हणजे १४ ची पाऊणपट साडेदहा, तेव्हा भरती साडेदहाला आणि ओहोटी सव्वासहा तासांनी, पावणेपाचच्या सुमारास. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच गणित. ते अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून त्यावर फक्त दिवस ठरवायचा, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघायची. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप आत जातं आणि खूप बाहेरही येतं. अष्टमी-नवमीचा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, या कामाला निरुपयोगी, खडक अर्धेच उघडतात. संध्याकाळी जायचं तर चतुर्दशी-पौर्णिमा, सकाळी जायचं तर प्रतिपदा-द्वितीया.

ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात वर या. ओहोटी-भरतीत चार मीटरचा फरक असेल, तर पहिल्या तासात पाणी जेमतेम ३० सेंटीमीटर चढतं, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मीटर-मीटरभर. सुरुवातीच्या संथपणाला माणूस भुलतो आणि मागची घळ कधी भरली ते कळत नाही. पावसाळ्यात खाली उतरूच नका.

पायात चप्पल नको. पकड असलेले जुने बूट आणि मोजे घाला, कारण खडकाला चिकटलेल्या कालवांची धार पात्यासारखी असते. हिरवं शेवाळ म्हणजे साबण, त्यावर पाय टाकायचा नाही. करड्या, खरखरीत, कोरड्या खडकावरून चाला.

आता बघायचं कसं. खडकात अडकलेलं एखादं परातीएवढं डबकं निवडा, उकिडवे बसा आणि दोन मिनिटं हलू नका. सावली डबक्यावर पडली की सगळं आत ओढून घेतलं जातं, म्हणून सावली मागे पडेल असं बसायचं. आधी नुसतं पाणी आणि वाळू दिसते. मग एक शंख चालू लागतो, त्यात खेकडा असतो. कडेला जो ओला, वाळूचे कण चिकटलेला मऊ गोळा वाटत होता, त्यावर पाणी आलं की तो हळूहळू उमलतो आणि बोटांसारख्या शुंडकांचं समुद्रफूल होतं. हिरव्या-तपकिरी बटणांचा गालिचा दिसला तर त्यावर पाय देऊ नका. ते झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे भाऊबंद आणि जिवंत प्राणी.

दगड उलटला तर तसाच पुन्हा पालथा ठेवा, खालचे जीव उन्हात तासाभरात मरतात. रिकामे शंख घरी आणू नका, खेकड्यांना घर बदलायला तेच लागतात. आणि शंकूच्या आकाराचा शंख कधीच उचलायचा नाही, कोन शंखाचा डंख विषारी असतो.

०००

वरचं तिथीचं गणित शिवडीच्या रोहित पक्ष्यांनाही (फ्लेमिंगो) लागू आहे, फक्त तिथे ओहोटी नको, चढती भरती हवी. पूर्ण ओहोटीला पक्षी इतके लांब असतात की गुलाबी रेघ दिसते. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते उडून जातात. भरती पूर्ण होण्याच्या तीन ते दीड तास आधी पाणी त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं, तोच काळ साधायचा.

दुसरी अडचण उजेडाची. शिवडीचा चिखल पूर्वेला आहे, सकाळी सूर्य समोर असतो आणि पक्षी काळे दिसतात. म्हणून संध्याकाळची भरती हवी. दशमीचा हिशेब साडेसात येतो, तेव्हा साडेचार ते सहा. नवमीलाही जमतं, पण भांगाचं पाणी तितकं जवळ येत नाही. हार्बरवरच्या शिवडी स्टेशनला पूर्वेकडे उतरून जेट्टीपर्यंत चालत जाता येतं, वाटेत ट्रकची वर्दळ सांभाळा. मोसम साधारण नोव्हेंबर ते मे. दुर्बीण ८×४२ पुरे, त्याहून जास्त मोठं दाखवणारी हातात थरथरते.

ओळखायची खूण चोचीत आहे. लहान रोहिताची चोच गडद, काळपट लाल. मोठ्याची फिकट गुलाबी, टोकाला काळी, आणि मान-पाय लांब. दोघंही डोकं उलटं करून चोचीने पाणी गाळतात, ते बघायला मिळालं की बाकी फोटो नाही आले तरी चालतं.

०००

दादरचा फूलबाजार. पश्चिमेला स्टेशनबाहेर दोन मिनिटांवर, सेनापती बापट मार्गावर. पहाटे चारपासून गजबज, सहाला रंग सगळ्यात ताजे, नऊनंतर उरलेला माल.

झेंडू घेताना वरून बघू नका, उलटा करून देठाकडचा भाग दाबा. घट्ट आणि हिरवा हवा. मऊ, पिवळट लागला तर संध्याकाळी पाकळ्या गळणार. पाणी मारलेला ढीग वजनाला जड जातो आणि पिशवीत कुजतो, तेव्हा मूठभर उचलून झटकून बघा. साडेतीन फुटी दाराला एका पदराचं तोरण पाव किलोत होतं, दोन्ही बाजूंना पदर सोडायचे असतील तर अर्धा किलो घ्या. मोगऱ्याच्या घट्ट कळ्याच घ्यायच्या, त्या संध्याकाळी घरात उमलतात. सोनचाफा जिथे दाबला जाईल तिथे तपकिरी पडतो, म्हणून तो सगळ्यात वर, ओल्या सुती कापडात. प्लास्टिकची पिशवी कशालाच नको, फुलं वाफेने मरतात.

काही घ्यायचं नसलं तरी जा. पावसाळी पहाटे सोनचाफ्याच्या टोपलीजवळून जाताना जो वास येतो, तो दिवसभर नाकात राहतो. मात्र वाटेत उभं राहू नका, डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फेरफटक्याचा विचारही नको.

०००

राणीची बाग, पण प्राण्यांसाठी नव्हे, झाडांसाठी. भायखळा पूर्वेला उतरून दहा मिनिटं. बुधवारी बंद, हे विसरून अनेकजण फाटकावरून परततात. उघडताच आत जा. कैलासपतीची फुलं फांद्यांवर न येता थेट खोडातून येतात आणि वास सकाळीच सगळ्यात दाट असतो. थंडीच्या दिवसांत उर्वशीची लालभडक, पिवळ्या ठिपक्यांची झुंबरं लोंबतात. ती शोधायला मान वर नको, झाडाखाली पडलेल्या पाकळ्या बघत चाला. गोरखचिंचेचा बुंधाही चुकवू नका.

शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ सालचं. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे, बरेच लोक शोभेचा समजून पुढे जातात. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून पडलं तोच हा. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो तुटला, मग १९१४ मध्ये तुकडे जोडून उभा केला. जवळ गेलं की सांधे दिसतात.

०००

शिवडीला पक्ष्यांची वेळ टळली तर तिथून दक्षिणेला भाऊचा धक्का आहे. तिथून पलीकडच्या उरणजवळच्या मोऱ्याची लाँच, पाऊण तासाचा समुद्र अगदी थोड्या पैशांत. डाव्या बाजूला बसा, जाताना घारापुरी त्या अंगाला राहते. कोष्टक इथेही बघाच: मोऱ्याला गाळ साचलेला असल्याने मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या खोळंबतात. हिवाळ्यात कुरव (सीगल) लाँचमागे उडत येतात. त्यांना फरसाण टाकू नका, मीठ-तेल त्यांना सोसत नाही. नुसते मागच्या कठड्याशी उभे राहा, ते हातभर अंतरावर, डोळ्याच्या पातळीला वाऱ्यावर तरंगतात.