मदत हवी आहे: पंचहौदातल्या लग्नाला गाऊन, की आजीची पांढरी साडी?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरअखेर माझं लग्न आहे. चर्च पुण्यातल्या गुरुवार पेठेतलं, पंचहौदचं. (हो, १८९० मध्ये टिळक-रानड्यांनी मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून गहजब झाला, तेच पंचहौद. सासरची नगरची मंडळी दर वेळी तोच विनोद करतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.) रिसेप्शन संध्याकाळी सिंहगड रोडच्या एका लॉनवर.

घरात दोन पक्ष पडलेत. आई-आजी म्हणतात, आपल्यात नवरी पांढऱ्या साडीवर डोक्यावरून जाळीचा वेल (veil) घेते, तेच शोभतं. होणारी नणंद आणि मैत्रिणी गाऊनवाल्या. आजीला सांगून पाहिलं की १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीनेही लग्नात पांढरा गाऊनच घातला होता, तिथूनच ही फॅशन पसरली. ती म्हणाली, "तिला साडी मिळाली नसेल. तुला मिळतेय."

मला मात्र गाऊनच हवाय. एमजी रोडची दुकानं पालथी घातली. मी बुटकी, बॉल गाऊनमध्ये नुसता घेर दिसतो, मी कुठे दिसतच नाही. ए-लाइन, म्हणजे कमरेखाली हळूहळू पसरणारा, बरा वाटला. माझ्या सावळ्या रंगावर पांढराशुभ्र निळसर मारतो, आयव्हरी (हस्तिदंती) खुलतो. दुकानदार म्हणतो फोटोत दोन्ही सारखेच. खरं का?

खरी अडचण चुड्याची. आमच्याकडे हळद लागते आणि हिरवा चुडाही भरतात. गाऊनला मला नेटच्या लांब बाह्या हव्यात. ट्रायलला मुद्दाम काचेच्या बांगड्या घालून गेले, तर बाही अर्ध्यावर येईतो एका बांगडीला नेट अडकलं आणि धागा सरकन ओढला गेला. आई म्हणते, चुडा उतरवायचा नाही म्हणजे नाही.

शिवून घेऊ की भाड्याने? बजेट वेल, सँडल धरून चाळीस हजार. आणि ट्रेन, म्हणजे गाऊनचा मागे लोळणारा घोळ, हवीच का?

शिवणवाली_कॅम्प: अभिनंदन गं! बाही कोपराच्या जरा खाली थांबव, चुडा मोकळा राहील आणि दिसेलही. पूर्ण बाहीच हवी तर मनगटापासून वर चीर ठेवून बटणं लावून घे आणि आतून मऊ अस्तर.

आयव्हरीच घे. भर उन्हात पांढऱ्याशुभ्र कापडावरची लेस फोटोत उडून जाते, दुकानदार काही म्हणो. भाड्याने घेतलास तर पाठीला दोरी असलेला बघ. लग्नाच्या धावपळीत वजन वर-खाली झालं तरी दोरी सांभाळून घेते, चेन नाही घेत. लांबी ठरवताना लग्नातलेच सँडल पायात हवेत. टाच जाड घे, पेन्सिल हील लॉनमध्ये रुतते.

ट्रेन हौसेने ठेव, पण मागे हुक आणि लूप लावून घे, म्हणजे चर्च झालं की उचलून अडकवता येईल. डिसेंबरात लॉनवर दव पडतं. सॅटिन एकदा ओलं होऊन मातीत लोळलं की रात्रभर तोच पट्टा मिरवावा लागतो.

माहेर_नगर: आजीचा स्वतःचा वेल आहे का अजून? असेल तर गाऊनवर तोच घे. आजींचा अर्धा राग तिथेच उतरेल.

धागाकर्ती: अरे हो! ट्रंकेत आहे. सुती नेट, काठाला हातची लेस. पण पार पिवळट पडलाय. ब्लीच करू का?

शिवणवाली_कॅम्प: अजिबात नको!! जुनं सुती नेट ब्लीचमध्ये विरतं. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून भिजव, पिळू नकोस, टॉवेलवर पसरून वाळव. थोडा पिवळा राहिला तर राहू दे. शुभ्र गाऊनवर तो मळका वाटला असता, आयव्हरीवर एकाच ताग्यातला वाटेल. फिटिंगला घेऊन जा आणि शेजारी धरून मगच कापडाचा रंग ठरव.

धागाकर्ती: आजीला विचारलं. "बघू," म्हणाली. आमच्याकडे "बघू" म्हणजे जवळजवळ होच! आता अंबाड्यावर वेल टिकेल कसा, आणि गजरा माळू का?

शिवणवाली_कॅम्प: वेलाला बारीक कंगवा शिवून घे आणि तो अंबाड्याच्या वर खोच. नुसत्या पिनांवर भरवसा नको, ओढ लागली की जुनं नेट पिनेपाशीच फाटतं. गजरा संध्याकाळी, वेल उतरवल्यावर. ओल्या फुलांचे डाग नेटवरून सहजी निघत नाहीत.