लेखन शिकवणे हे केवळ भाषेच्या प्राध्यापकाचे काम आहे काय?

धागाकर्ता (प्राणिशास्त्र, यवतमाळ जिल्हा)

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आला आणि आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात सगळ्याच विभागांपुढे अहवालांचे गठ्ठे पडले. माझ्या विद्यार्थ्यांनी कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची पाहणी केली. ही मुले कपाशीतच वाढलेली. डोमकळी, म्हणजे अळी आत शिरल्यामुळे न उमललेले फूल, त्यांना माझ्याआधी दिसते. अहवालात मात्र बहुतेकांनी लिहिले, "प्रादुर्भाव मोठ्या प्रमाणात आढळला." किती बोंडे फोडून पाहिली आणि त्यांत किडकी किती निघाली, हे कुठेच नव्हते. शंभरात दहा बोंडे किडली की फवारणीचा निर्णय घ्यावा, असा दंडक असताना तो आकडाच नसेल, तर अहवाल शेतकऱ्याच्याही कामाचा नाही.

हा दोष भाषा कच्ची असण्याचा नव्हे. शुद्धलेखन चोख असलेल्या अहवालांतही तो होता. प्राणिशास्त्रात विधान कसे करायचे, हे मी कधी शिकवलेच नाही, कारण मलाही ते कोणी शिकवले नव्हते. याच बोंडअळीवर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला लिहायचे झाले, तर फवारणीचा एकरी खर्च, कापसाचे एकरी उत्पादन आणि भाव यांची सांगड घालावी लागेल, आणि ती त्याच विषयाचा शिक्षक शिकवू शकेल. अमेरिकेतील महाविद्यालयांत १९७० च्या दशकापासून सर्व विषयांच्या प्राध्यापकांना या कामी साह्य करण्याची चळवळ रुजली. लेखनाचा जाणकार विषयशिक्षकाजवळ बसून त्याचा स्वाध्याय नव्याने बांधायला मदत करतो. आपल्या विद्यापीठांनीही प्राध्यापकांच्या उद्बोधन वर्गातील एका व्याख्यानावर (आणि त्यानंतरच्या चहावर) न थांबता अशी माणसे गावोगावच्या महाविद्यालयांत पाठवावीत, असे माझे मत आहे.

मराठी विभाग, बुलढाणा जिल्हा

सर, तुमचे निदान अर्धे पटले, उपाय पटला नाही. "मोठ्या प्रमाणात आढळला" हे वाक्य त्या मुलाचे नाहीच. ते मागच्या वर्षीच्या अहवालाच्या झेरॉक्सवरून आले आहे. त्याच मुलाला बांधावर विचारा. "सर, शंभर बोंडं फोडली त बारा किडकी निघाली," असे तो वऱ्हाडीत नेमके सांगेल. आकडा त्याच्याजवळ आहे, पण घरची बोली, पुस्तकातली मराठी आणि विज्ञानाच्या परीक्षेतली इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढताना तो वाटेत सांडतो. त्या पायऱ्या बांधणे हे भाषेच्या शिक्षकाचेच काम आहे, आणि आपण त्याच्याच तासिका कमी करत आलो आहोत. विषयशिक्षकाच्या हाती हे काम गेले, तर तो लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ तपासून मोकळा होईल, अशी मला भीती वाटते.

वाणिज्य, तासिका तत्त्वावर, गडचिरोली जिल्हा

आपण दोघेही बहुधा नियमित पदावर आहात. माझ्या वर्गात १२० विद्यार्थी आहेत. एका अहवालाला दहा मिनिटे धरली तरी वीस तास होतात, आणि मला मानधन मिळते ते केवळ वर्गात घेतलेल्या तासिकांचे. जाणकार पाठवण्याआधी रिक्त पदे भरावीत.

धागाकर्ता

मराठीच्या सरांचे ऐकून दोन विद्यार्थ्यांना काल तोंडी विचारले. दोघांनीही आकडे सांगितले; एकाने तर कपाशीच्या कोणत्या ओळीतली झाडे होती, तेही सांगितले. म्हणजे माझे निदान चुकले होते. तरीही तो आकडा अहवालात का हवा, हे मीच सांगायला हवे, यावर मी ठाम आहे. वाणिज्यच्या सरांचा हिशेब खोडता येत नाही. मात्र पूर्ण अहवाल तपासण्याऐवजी अर्धे पान लिहून घ्यावे, त्यांतील वीस वाचून समान चूक फळ्यावर मांडावी, असे करता येईल.

वाणिज्य, गडचिरोली जिल्हा

उरलेल्या शंभरांना आपले वाचले जात नाही हे दुसऱ्या आठवड्यातच कळेल, आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा झेरॉक्स येईल. मुलांनी ते अर्धे पान तासिकेतच लिहिले आणि शेजाऱ्याचे वाचून त्यात आकडा आहे की नाही एवढेच तपासले, तर एका तुकडीवर करून पाहीन. घरी मात्र एकही वही नेणार नाही.