मदत हवी आहे: विक्रांतचा देखावा, विमानं किती आणि कोणती?

घोडबंदरचा_कार्टा: गणपती आठ दिवसांवर आलेत. सोसायटीच्या हॉलमध्ये विक्रांत करतोय. सांगाडा झाला, पुठ्ठा चढला. डेकवर विमानं किती ठेवायची, कोणती, रंग कोणता? आज रात्री रंगकाम आहे, लगेच सांगा. गुगल कर म्हणू नका, तीन रात्री तेच केलंय. दर ठिकाणी वेगळंच जहाज दिसतं.

ऐरोलीकर: वेगळं दिसतं कारण विक्रांत दोन झाल्या. जुनी की नवी?

घोडबंदरचा_कार्टा: विक्रांत हो. आर ११ लिहिलेली.

ऐरोलीकर: दोन्हींवर आर ११ च. जुनी १९६१ ते १९९७ नौदलात होती, नवी २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झाली, नंबर जुनीचाच दिला. तुमची किती फुटी आहे ते सांगा, त्यावरून कळेल.

वाशीची_मावशी: थर्माकोल नाही ना वापरलात? २०१८ पासून बंदी आहे सजावटीला. आमच्याकडे जुन्या साड्यांचं मखर करतो, विसर्जनानंतर घडी घालून कपाटात.

घोडबंदरचा_कार्टा: मावशी, पुठ्ठा म्हणून वर लिहिलंय. माप एकास शंभर, साडेआठ फूट भरली. पुढे उंचवटा केलाय.

ऐरोलीकर: मग नवी. ती २६२ मीटर लांब, ६२ मीटर रुंद. म्हणजे तुमची रुंदी दोन फुटांच्या आसपास हवी. मिग-२९के ठेवा, राखाडी रंगात. तीसेक विमानं-हेलिकॉप्टरं मावतात, पण सगळी वर कधीच नसतात, बरीच खाली हँगरमध्ये. आठ मिग आणि दोन कामोव्ह हेलिकॉप्टरं पुरे. तुमच्या मापात एकेक मिग १७ सेंटिमीटरचं होईल, जास्त ठेवलीत तर एसटी स्टँड दिसेल.

समुद्रपक्षी७७: राफेल ठेवा, पब्लिक खूश.

ऐरोलीकर: २६ राफेलचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. यायला २०२८ उजाडणार. नसलेलं विमान कशाला?

समुद्रपक्षी७७: देखावा आहे साहेब, सीमेवर नाही न्यायचा.

डॉकवाले_काका: मी माझगाव डॉकात २६ वर्षं वेल्डिंग केलं. विमानवाहू सगळेच करतात, पाणबुडी करा. खांदेरी. अलिबागजवळच्या जलदुर्गाचं नाव आहे. त्या वर्गातल्या सहाही आमच्याकडे बांधल्या. शेवटची वागशीर, सुरत ही विनाशिका आणि निलगिरी ही फ्रिगेट, तिन्ही माझगावच्या आणि तिन्ही एकाच दिवशी, १५ जानेवारी २०२५ ला, मुंबईत दाखल झाल्या. सुरत ७,४०० टनांची, वर ब्रह्मोस. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा असं कोणी बोललं असतं तर कँटीनमध्ये हसले असते.

समुद्रपक्षी७७: पाणबुडीचं डिझाईन फ्रेंचांचं आहे काका.

डॉकवाले_काका: आहेच. पण ते वाकड्या पत्र्यावरचं जोडकाम डिझाईनवाल्याला एकदा पोटात शिरून करायला सांगा.

घोडबंदरचा_कार्टा: काका, एकास शंभर मापात खांदेरी दोन-सव्वादोन फूट होईल. गणपतीमागे दिसणार पण नाही. आणि पुठ्ठा चढलाय हो!

दुर्गाडीकर: ठाणे जिल्ह्यात राहून सुरुवात कल्याणपासून नको का? १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठा आरमाराची जहाजं आमच्याच खाडीत बांधायला घेतली. मागे नौदलाचा झेंडा लावणार असाल तर नवा लावा. लाल क्रॉस २०२२ मध्ये गेला, महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला.

नेरूळ_सेक्टर६: भाच्याला नौदलात अग्निवीर व्हायचंय, बारावी सायन्स आहे. चष्मा चालतो का?

ऐरोलीकर: त्यासाठी वेगळा धागा काढा. कार्ट्या, फोटो टाक.

घोडबंदरचा_कार्टा: टाकलाय. लाईट कमी आहे.

ऐरोलीकर: अरे, मनोरा डावीकडे?

घोडबंदरचा_कार्टा: फोटोत डावीकडेच आहे. खालच्या मजल्यावरचे आजोबा पण बघून हसले, काय ते सांगितलं नाही.

ऐरोलीकर: तू जहाजाचा समोरून काढलेला फोटो बघितलास. समोरून मनोरा आपल्या डाव्या हाताला येतो. डेकवर पुढे तोंड करून उभा आहेस असं समज, मनोरा उजव्या हाताला हवा. आणि उतरायची पट्टी तिरकी असते, मागून पुढे डावीकडे झुकलेली. उडायला तो पुढचा उंचवटा.

डॉकवाले_काका: मागच्या बोर्डावर काय लिहिलंय? '१९७१ कराची'?

घोडबंदरचा_कार्टा: हो. विक्रांतचा पराक्रम. पेंटरने आठशे घेतले.

डॉकवाले_काका: तुझे आजोबा त्यालाच हसले. १९७१ ची विक्रांत जुनी. सी हॉक आणि अलीझे विमानं घेऊन ती बंगालच्या उपसागरात होती, चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. ४ डिसेंबरला कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर, रशियन बनावटीच्या चिमुकल्या क्षेपणास्त्र नौका. म्हणून त्या दिवशी नौदल दिन.

घोडबंदरचा_कार्टा: मनोरा निघाला, चारच स्क्रू होते. बोर्डाचं काय करू? आठशे परत कोण देणार?

वाशीची_मावशी: पुसायचं कशाला सगळं. मधला 'र' तेवढा पुस, त्याचा काना राहू दे, वर मात्रा दे. कराचीचं कोची होतं. १९७१ चं २०२२ तू बघ.

घोडबंदरचा_कार्टा: जमलं मावशी. 'क' आणि कान्यामध्ये मोकळी जागा राहिली, तिथे एक कामोव्ह चिकटवलंय.