मंत्र्याच्या दौऱ्याआधी कार्यकर्ते उचलणं म्हणजे बंदोबस्त नव्हे

कांदाचाळ
काल इथे एकाने लिहिलं होतं, ‘मंत्र्यांच्या दौऱ्याआधी चार आंदोलक ठाण्यात बसवून ठेवले तर एवढा गळा काढायचं कारण काय? आझाद मैदानावरच्या मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी मुंबईचे हाल बघितले ना? लोकांना वेठीला धरणाऱ्यांना आधीच उचलायला हवं.’ खाली धडाधड ‘सहमत’ पडले. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

दौऱ्याआधी पोलीस कार्यकर्त्यांना प्रतिबंधक नोटीस देतात. आमच्या चांदवड-निफाड पट्ट्यात तिला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमावरून अजून ‘१४९ ची’च म्हणतात. जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलम १६८ झालं, मजकूर तोच: तुमच्याकडून दखलपात्र गुन्हा घडला तर हीच नोटीस पुरावा म्हणून वापरू. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. त्या काळात एका मंत्र्याचा दौरा होता. निवेदन द्यायचं ठरलं होतं, तेवढंच. पहाटे गाडी दारात. संध्याकाळी ताफा गेल्यावर सोडलं. चहा दिला, मारलं नाही. पण कुठल्या कलमाखाली बसवलं हे विचारलं तर ‘वरून आदेश आहे’. त्या दिवशी वडिलांना डोळ्याच्या तपासणीला न्यायचं होतं, ते राहिलंच. आता तुम्ही सांगा, वेठीला कोण धरलं गेलं?

आणि खरी चीड याची की हा बडगा फक्त लहानांना. आझाद मैदानाला परवानगी पाच हजारांची होती, आले कितीतरी पट, आणि पाचव्या दिवशी, २ सप्टेंबर २०२५ ला, सरकारने मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा जीआर काढून हातात दिला. त्या मागणीला माझा विरोध नाही. पण जो रस्ते भरतो त्याच्याकडे मंत्री स्वतः जातात आणि जो कागद घेऊन उभा राहतो त्याला ठाण्यात बसवतात. मग रस्ता अडवायला शिकवलं कोणी?

कर्जतलोकल
‘सहमत’ लिहिणाऱ्यांत मी होतो, अजूनही आहे. त्या दिवसांत सीएसएमटीला उतरून ऑफिस गाठायला काय लागलं ते आम्हाला विचारा. माझ्या बहिणीची केमो होती आणि टॅक्सीवाला पुढे यायला तयार नव्हता. तिचा आरक्षणाशी काय संबंध, कांद्याशी काय संबंध? ऑक्टोबर २०२५ मध्ये शेतकऱ्यांनी कर्जमाफीसाठी नागपूर-हैदराबाद महामार्ग अडवला, शेवटी नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घेऊन रस्ता रिकामा करा म्हणावं लागलं. सुप्रीम कोर्टानेही २०२० मध्ये शाहीनबागच्या निकालात सांगितलंय की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही. अडवल्यावर कारवाई करायची तर लाठीमार होतो, तोही तुम्हाला नको. मग आधी थांबवणं हाच कमी त्रासाचा मार्ग नाही का?

कांदाचाळ
बहिणीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण नागपूरचा शेवटही सांगा ना. महामार्ग अडवल्यावरच मुंबईला बोलावणं आलं आणि कर्जमाफीला ३० जून २०२६ ही तारीख मिळाली. आता मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा पायी मोर्चा आठवा. नाशिकहून मुंबई, १८० किलोमीटर, पायांची सालटी निघालेली माणसं. दहावीची परीक्षा म्हणून मुक्कामावर न झोपता रात्रीतून मुंबईत शिरली. तुमच्याच मुंबईने रस्त्यात उभं राहून पाणी दिलं, बिस्किटं दिली. लेखी आश्वासनं मिळाली. तरी फेब्रुवारी २०१९ ला परत निघावं लागलं, मार्च २०२३ ला परत. याहून शिस्तीत कसं वागायचं?

फेरफार
निवृत्त तलाठी आहे, म्हणून बोलतो. आंदोलकांच्या दुःखावर सगळे लिहितात, टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्यावर कोणी नाही. निवेदन द्यायला म्हणून येतात आणि दाराला कुलूप लावून आम्हाला कोंडतात, अंगावर शाई टाकतात, खुर्चीला चपलांचा हार. अनुदानाची यादी वरून येते, शिव्या आम्ही खायच्या. वाळूचा ट्रॅक्टर अडवला तर तो अंगावर आणतात. राज्याने ३५३ ची, म्हणजे सरकारी नोकरावर हल्ल्याच्या कलमाची, शिक्षा दोनवरून पाच वर्षं केली तेव्हा कुठे थोडा वचक बसला. नव्या कायद्यात कलम १३२ झालं आणि शिक्षा परत दोनवर आली. त्यावर काढा धागा.

माळावरची
३५३! बरं झालं विषय काढलात. आमच्या तालुक्याच्या कचेरीत सातबाऱ्याच्या खिडकीपेक्षा त्या कलमाचा बोर्ड मोठा. सासऱ्यांच्या वारसनोंदीसाठी हेलपाटे घालून घालून एकदा मी आवाज चढवला, तेवढ्यावर ‘बाई, ३५३ लावू का?’ हात लावला नव्हता, कागद फाडला नव्हता. त्या दिवशी दोन पोरं घेऊन घाबरत घरी आले आणि पुढे कित्येक दिवस कचेरीकडे फिरकले नाही. नोंद शेवटी झाली, पण एजंटामार्फत. वचक म्हणता तो बसला, पण वाळूवाल्यावर नाही, माझ्यावर बसला.

फेरफार
एका कर्मचाऱ्यावरून सगळ्यांना झोडपू नका. रात्री नदीपात्रात एकट्याने उभं राहून बघा, मग बोला.

माळावरची
आणि तुम्ही खिडकीच्या बाहेर उन्हात उभं राहून बघा. पगार मिळतो तुम्हाला नदीत उभं राहण्याचा. मला उन्हात उभं राहून रोजंदारी बुडते.

फेरफार
पगार काढायचा नाही. अंगावर ट्रॅक्टर घेण्याचा पगार कोणाला मिळत नाही.

सनदवाली
वकिली करते, दोघांसाठी लिहिते. ३५३ म्हणजे हल्ला किंवा बळाचा वापर. नुसता कामात अडथळा हा वेगळा गुन्हा, जुनं १८६, आता २२१, शिक्षा फार तर तीन महिने. कचेऱ्यांतले बोर्ड दोन्हींची खिचडी करून जास्त धाकाचं कलम मोठ्या अक्षरांत लिहितात. आवाज चढवणं ३५३ मध्ये बसत नाही. बंगळूरच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिली म्हणून एका जोडप्यावर हेच कलम लावलं होतं, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये गुन्हा रद्द केला. पण तिथवर जाणार कोण? गुन्हा अजामीनपात्र, नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत दिसतो, पासपोर्टला आडवा येतो. माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी बरीचशी शिक्षेला भीत नाहीत, या खेट्यांना भितात. तडीपारीचंही तेच. जालन्याच्या एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, ऊठसूट वापरायचा नाही.

फेरफार साहेब, ट्रॅक्टर अंगावर घालणाऱ्यावर खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागतं. ते लावायला तुमचे वरिष्ठ का कचरतात, हे त्यांना विचारा. राग बाईंवर काढू नका.

वऱ्हाडी१९९४
आता सगळ्यांना लोकशाही आठवली. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूर. गोवारींचा मोर्चा, ११४ जीव चेंगरून गेले, बहुतेक बाया आणि लेकरं. मंत्री भेटायला बाहेर आला असता तर? दाणी आयोगाने कोणावरच ठपका ठेवला नाही. ९ ऑगस्ट २०११, मावळ, पवनेच्या जलवाहिनीविरुद्ध द्रुतगती मार्गावर आलेल्यांवर गोळीबार, तिघं गेले. तेव्हा सत्तेत कोण होतं? आज संविधान हातात घेऊन फिरतात तेच. आताच्या गृहमंत्र्यांनी निदान अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर तीन दिवसांत जाहीर क्षमा मागितली.

कांदाचाळ
कोण होतं ते लिहून ठेवा ना, मी कुठे लपवतोय? मावळ तेव्हाच्या सरकारचं पाप, अंतरवाली नंतरच्या. क्षमा मागितली हे चांगलंच केलं. पण क्षमेनंतर काय बदललं? जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने पास झालं. बारा हजारांवर हरकती-सूचना आल्या होत्या. एवढ्या मोठ्या सभागृहात विरोधात ठाम उभा राहिला तो माकपचा एकच आमदार. तुमचे आणि ‘त्यांचे’ बाकीचे कुठे होते? सत्ता कोणाकडेही असली तरी पहाटेची गाडी तीच असते.

वऱ्हाडी१९९४
तो कायदा माओवाद्यांसाठी आहे. गडचिरोलीत राहून बघा, मग कळेल. समितीने ‘व्यक्ती’ हा शब्द काढून कडव्या डाव्या संघटनांपुरता केला, तेही सांगा.

सनदवाली
‘किंवा तत्सम संघटना’ हे शब्द राहिले, तेही सांगा. तत्सम कोण ते सरकार ठरवणार. छत्तीसगडच्या असल्याच कायद्याखाली डॉ. बिनायक सेन यांना २००७ मध्ये धरलं, सुप्रीम कोर्टातून जामीन मिळायला २००९ उजाडलं.

नाशिकरोड७५
माझे वडील आणीबाणीत नाशिक रोडच्या तुरुंगात होते. घरी फक्त ‘मिसा’, म्हणजे विनाखटला डांबून ठेवण्याचा तेव्हाचा कायदा, एवढंच कळलं. त्या बंदिवानांचं मानधन २०१८ ला सुरू झालं, २०२० ला बंद, २०२२ ला परत सुरू, आणि २०२५ मध्ये दुप्पट. माझ्या आईला अर्धं मिळतं, तिला त्याचा अभिमान आहे. पण ज्या सरकारला १९७५ च्या बंदिवानांचा मान ठेवावासा वाटतो, त्याने आज कारण न सांगता माणूस ठाण्यात बसवू नये एवढी माझी अपेक्षा आहे. ती राजकीय वाटली तर वाटो.

फेरफार
एवढं मान्य करतो की बोर्डावर दोन कलमं एकत्र लिहिणं चूक. सेवेत असताना मी तो बोर्ड लावला होता, वरून छापूनच आला होता. पण कोंडून घालणाऱ्यांचा निषेध एकानेही केलेला नाही, याची नोंद घ्या.

माळावरची
मी करते निषेध. आता वारसनोंद मुदतीत न करणाऱ्याचा तुम्ही करा.

कर्जतलोकल
विषय कुठच्या कुठे गेला. माझं म्हणणं कायम आहे, रस्ता अडवायचा नाही, कोणीही नाही. मात्र उचलायचं तर कलम आणि कारण लेखी द्यावं, वेळ नोंदवावी, इतपत कांदाचाळ यांचं पटतं. इतपतच.

कांदाचाळ
इतपत मिळालं तरी आम्हाला पुष्कळ आहे, कारण लेखी द्यायचं म्हटलं की निम्म्या गाड्या दारात येणारच नाहीत. पण रस्त्याचं मी कबूल करणार नाही. दौऱ्यात निवेदन घ्यायला दहा मिनिटं ठेवा, मग मागा आमच्याकडून रस्ता.

सनदवाली
ज्यांना नोटिसा येतात त्यांच्यासाठी: प्रत घेतल्याशिवाय सही करू नका, सहीखाली तारीख आणि वेळ लिहा. ठाण्यात बसवलं तर कलम विचारा. नव्या संहितेच्या १७० खाली, म्हणजे प्रतिबंधात्मक अटक असेल, तर चोवीस तासांची मर्यादा आहे आणि गुन्ह्याचा बेत होता हे पोलिसांना दाखवावं लागतं. सुटल्यावर त्या दिवसाच्या स्टेशन डायरीची नोंद माहितीच्या अधिकारात मागा. नोंदच नाही असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा, हायकोर्टात तेच कामाला येतं.