धाकट्याला एएलएल (रक्ताचा कॅन्सर), मोठीला घरी काय सांगायचं?

सातारची_आई: माझा धाकटा ५ वर्षांचा. ताप जाईना आणि पायावर निळे डाग म्हणून सीबीसी केली आणि तिथून थेट परळला टाटाला. आज इंडक्शनचा, म्हणजे केमोच्या पहिल्या टप्प्याचा, १८वा दिवस. स्टेरॉइडमुळे रात्री दोनला उठून बटाट्याची भाजी मागतो, नाही मिळाली की चावतो. ते जमतंय कसंतरी. पण मोठी ९ वर्षांची, सासूबाईंकडे, तिला आम्ही कावीळ झालीय म्हणून सांगितलंय. काल फोनवर विचारते, आई मी त्याला ढकललेलं म्हणून डाग पडले का? मला बोलताच येईना, रेंज गेल्याचं नाटक करून फोन ठेवला. कुणी खरं सांगितलंय का मुलांना?

नांदेडचा_बाबा: सांगा ताई, आजच सांगा. आम्ही ४ महिने लपवलं आणि शेवटी शेजारच्या पोरानं सांगितलं, ते पण कसं तर "तुझा भाऊ मरणार". कॅन्सर हा शब्द तुमच्याच तोंडून जाऊ दे. प्लेटलेट कमी झाल्या म्हणून डाग, ढकलल्यामुळे नाही, आणि हा लागत नाही कुणाला, एवढं तिला पुरे. लवकर येतो असं मात्र म्हणू नका, दोन-अडीच वर्षं चालतं हे, पुढे मेंटेनन्सला, म्हणजे शेवटच्या लांब टप्प्यात, बरंचसं घरूनच गोळ्या. राहता कुठे?

सातारची_आई: दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत.

नांदेडचा_बाबा: बरं. वॉर्डातल्या सोशल वर्करला सेंट ज्यूड संस्थेचं पण विचारून ठेवा, मुलांसाठी फुकट खोली असते.

भटक्या७: पपईच्या पानांचा रस द्या, प्लेटलेट वाढतात, माझ्या मेव्हण्याला डेंग्यूत दिला होता

आधी_नर्स_आता_आई: डेंग्यू वेगळा हो. केमोत रक्ताचे काउंट पडलेले असताना कच्चा रस वगैरे अजिबात नको, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. आणि ताई, थर्मामीटर जवळ ठेवा, १००.४ दिसला की रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल, परस्पर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. आमच्याकडे तीच चूक झालेली, ६ दिवस आयसीयू.

सातारची_आई: सांगितलं आत्ता. व्हिडिओ कॉलवर, सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्याच आधी रडल्या. ही जरा वेळ गप्प. मग म्हणे नक्की ना ढकलल्यामुळे नाही, दोनदा विचारलं. आणि मग, तोपर्यंत त्याचा टॅब मी वापरू का? वापर म्हटलं.