युरोपात शेतातल्या पक्ष्यांसाठी एवढा पैसा देतात, मग पक्षी कमीच का होतायत?

गवतफूल
दोन आठवडे नॅचुरा २००० बद्दल, म्हणजे युरोपियन युनियनच्या संरक्षित जागांच्या जाळ्याबद्दल वाचतेय. युरोपियन युनियनची साधारण १८ टक्के जमीन त्यात येते, त्यात शेतं पण भरपूर आहेत, पक्ष्यांसाठीचा कायदा तर १९७९ चा आहे आणि गवत उशिरा काप, बांध राख म्हणून शेतकऱ्याला पैसेही मिळतात. तरी तिकडचे शेतातले पक्षी १९८० पासून निम्म्याहून जास्त घटलेत. मग हा पैसा वाया गेला का? की नसता दिला तर अजून वाईट झालं असतं? वाचून जीव तुटतो खरंच.

ओलंकुरण
सरसकट वाया नको म्हणूस गं, पैसे कशाचे दिले ते बघ आधी. नेदरलँड्समध्ये ओल्या कुरणात घरटं करणाऱ्या काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यासाठी मुख्य अट काय, तर ठरलेल्या तारखेआधी गवत कापायचं नाही. २००१ मध्ये अशा शेतांची साध्या शेतांशी तुलना केली तर पक्षी काही जास्त निघाले नाहीत. कारण चर काढून कुरणातलं पाणी आधीच काढून टाकलेलं, वर खताचा मारा, त्यामुळे गवत इतकं दाट की पिल्लाला त्यातून चालता येत नाही आणि किडेही मिळत नाहीत, मग कापणी पुढे ढकलून पिल्लू जगणार कसं? जमिनीतलं पाणी वर ठेवायला हवं, पण त्यात शेतकऱ्याचं उत्पन्न पडतं. खरा पैसा तिथे लागतो.

धसकट
वरच्याशी सहमत, पण जमलेलं उदाहरण पण सांगतो. इंग्लंडमधला सर्ल बंटिंग, आपल्या भारीटाच्या जातीतला. १९८९ ला फक्त ११८ जोड्या उरल्या होत्या, बहुतेक सगळ्या डेव्हनमध्ये, आणि २०१६ च्या मोजणीत हजाराच्या वर! हिवाळ्यात दाणे टिपायला धसकटं उभी ठेवली, उन्हाळ्यात पिल्लांना किडे मिळावेत म्हणून जाडंभरडं गवत, घरट्याला दाट कुंपणाची झुडपं. हा पक्षी लांब जात नाही म्हणून हे तिन्ही जवळजवळ लागतं, आणि सल्लागार स्वतः शेतावर जाऊन सांगायचे की कुठला तुकडा ठेवायचा. मला तर ही शेतावरची भेटच पैशाइतकी मोलाची वाटते.

मोजणीवाला
पैशाने फरक पडला का विचारलंयस ना, ते मोजण्यातच जास्त घोळ होतो. योजनेत बऱ्याचदा तीच शेतं येतात जिथे पक्षी आधीपासून जास्त असतात, मग आज गेलं की पक्षी दिसतात आणि वाटतं पैशाने झालं. म्हणून योजनेआधीचा आकडा हवा आणि शेजारी तसंच बिनपैशाचं शेत हवं, तरच तुझ्या "नसता दिला तर" ला उत्तर मिळतं. आणि नकाशावर संरक्षित लिहिल्याने पीक बदलायचं थांबत नाही. पोर्तुगालमध्ये छोटा माळढोक संरक्षित क्षेत्रातही घटला, कारण धान्य आणि पड जमीन जाऊन गुरांची कुरणं आली. २०२० मध्ये युरोपच्या लेखापरीक्षकांनी पण लिहिलं की शेतीच्या अनुदानाने जैवविविधतेची घसरण थांबलेली नाही.

गवतफूल
म्हणजे तारखेचे पैसे देण्याऐवजी किती पिल्लं उडाली त्याचे द्यायचे? पण कोल्ह्याने घरटं खाल्लं तर शेतकऱ्याने काय करायचं?

ओलंकुरण
म्हणून पिल्लांचे नाही, जागेचे द्यावेत असं माझं मत. पाणी किती वर, गवत किती विरळ, याला गुण द्यायचे. आयर्लंडमध्ये भोवत्या या शिकारी पक्ष्यासाठी असंच केलंय, शेताच्या दर्जाला गुण आणि त्यावर पैसे. शेतकऱ्याच्या हातात आहे तेवढंच मोजायचं.